बाकीतून सापडणारा ठोका : गॅमा-किरण स्पंदकांचा अभ्यास

‘पल्सार’ला मराठीत ‘स्पंदक’ म्हणतात. शब्द रुळला आहे. पण हा तारा हृदयासारखा आकुंचन-प्रसरण पावत नाही. तो स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा असतो. फिरताना त्याचा किरणझोत पृथ्वीकडे वळला, की आपल्याला ठोका मिळतो.

गॅमा किरण वातावरणात शोषले जातात, म्हणून ते थेट टिपण्यासाठी दुर्बीण अवकाशात हवी. अशी ‘फर्मी’ दुर्बीण ११ जून २००८ रोजी सोडण्यात आली. त्याच वर्षी तिने ‘सीटीए-१’ या अतिनवताऱ्याच्या अवशेषात केवळ गॅमा किरणांवरून एक स्पंदक शोधला. तो मिनिटाला सुमारे १९० फेऱ्या घेतो. तेवढ्या वेळात फर्मीला त्याचा सुमारे एकच फोटॉन मिळतो. मग ठोका ओळखायचा कसा?

भागाकाराने. समजा, फोटॉन १, ९, १३ आणि २१ व्या सेकंदाला आले. आवर्तकाळ ४ सेकंद मानून भागले, तर बाकी दरवेळी १ उरते. ५ मानला, तर १, ४, ३, १ अशी विखुरते. पण २ ने भागले तरी बाकी १ च! म्हणजे चार फोटॉनांवरून निकाल देता येत नाही. प्रत्यक्षात पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणाने पडणारा, आठ मिनिटांपर्यंतचा फरक आधी दुरुस्त करतात आणि मग पुष्कळ फोटॉनांच्या बाक्यांचा आलेख मांडतात. त्यातला उंचवटा म्हणजे ठोका.

तरीही धोका उरतो. असंख्य आवर्तकाळ तपासले, तर एखाद्यात बाक्या निव्वळ योगायोगानेही जुळतात. म्हणून दुसरा, स्वतंत्र साक्षीदार मोलाचा. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. फर्मीच्या अनोळखी स्रोतांकडे त्या वळवून भास्वती भट्टाचार्य व सहकाऱ्यांनी ‘जे१५४४+४९३७’ हा स्पंदक शोधला; शोधनिबंध २०१३ मध्ये आला. आवर्तकाळ २.१६ मिलिसेकंद, आणि जोडीदारासह कक्षेतील एक फेरी २.९ तासांची. रेडिओ निरीक्षणांतून मिळालेल्या या मापांनी फर्मीचे फोटॉन मांडले, तेव्हा गॅमा किरणांतही ठोका उमटला.

अभ्यास : वरील उदाहरणात आवर्तकाळ ३ मानून पाहा. बाकी १, ०, १, ० येते, म्हणजे दोन उंचवटे दिसतात. ते खरे मानण्यापूर्वी आणखी काय तपासाल?