पालखी आणि एक जपानी चित्र

ज्येष्ठ वद्य सप्तमीस श्रीतुकाराममहाराजांची पालखी देहूहून प्रस्थान ठेवते, पहिली रात्र देहूंतच इनामदार वाड्यांत काढते आणि दुसऱ्या दिवशीं निगडीवरून आकुर्डीस मुक्कामाला येते. रावेतकरांस ती पाहावयास फार दूर जावें लागत नाहीं. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनीं १६८५ सालीं पादुका पालखींत ठेवून पंढरीस नेण्याचा प्रघात पाडला. तो आजतागायत चालू आहे.

या पालखीचें चित्र काढा, असें विद्यार्थ्यांस सांगितलें तर तें कसें निघेल हें आम्ही आधींच सांगूं शकतों. एक सरळ ओळ. पुढें पताका, मध्यें बैलांचा रथ, मागें टाळकरी, आणि प्रत्येकाचे पायसुद्धां पूर्ण! पण अशी पालखी पाहिली कोणीं? रस्त्याच्या कडेस उभे राहिलें म्हणजे दिसतें तें निराळेंच. एखादी पताका अगदीं नाकाशीं येते. एका बाईच्या डोक्यावरील तुळशीवृंदावन क्षणभर सारें आकाश झांकून टाकतें. आणि रथाचा कळस अजून दूर, बोटाएवढा.

हेंच जपानांतील हिरोशिगे या चित्रकारानें ओळखलें होतें. आजच्या टोकियोचें जुनें नांव एदो. तेथील सान्नो या शिंतो देवस्थानाच्या उत्सवांत निरनिराळ्या पेठांचे उंच रथ निघत, व ही मिरवणूक शोगुनाच्या, म्हणजे खरी सत्ता हातीं असलेल्या सेनापतीच्या, किल्ल्यांत जात असे. अग्रभागीं नगाऱ्यावर बसलेल्या कोंबड्याचा रथ, त्यामागें माकडाचा. माकड हा त्या देवाचा दूत मानला जातो. कोंबड्याची कथा मोठी गोड आहे. राजद्वारीं गाऱ्हाणीं सांगण्यासाठीं नगारा ठेविला होता. परंतु प्रजा इतकी सुखी कीं तो कोणी वाजवीना, आणि पांखरें त्यावर निर्धास्तपणें बसूं लागलीं. (आपल्या पालखीपुढील नगारा मात्र असा मुका राहत नाहीं!)

हिरोशिगेच्या 'एदोचीं शंभर प्रसिद्ध स्थळें' या १८५६ ते १८५८ च्या मालिकेंत ही मिरवणूक आहे. जवळच्या रथाचा माथा एवढा मोठा कीं तो चौकटींत मावत नाहीं, कापला गेला आहे. पलीकडे खंदकापाशीं उरलेली मिरवणूक किल्ल्याच्या वेशीकडे चालली आहे, माणसें तिळाएवढीं.

हें चित्र कुंचल्यानें रंगविलेलें नव्हे, छापलेलें आहे. चित्रकाराचें पातळ कागदावरील रेखाटन चेरीच्या लांकडी फळीवर उलटें चिकटवीत. कोरणारा कारागीर रेघ तेवढी ठेवून बाकीचें लांकूड काढून टाकी. प्रत्येक रंगास वेगळी फळी लागे. मग छापणारा ओलसर कागद फळीवर ठेवून बांबूच्या सालपटांत बांधलेल्या चकतीनें घांशी. कोपऱ्यांतील खुणेवर कागद नेमका बसला नाहीं, तर रंग रेघेबाहेर जाई. अशीं चित्रें साधे नगरवासीही विकत घेत.

शिंतो उत्सवांत देव बंद पालखींत असतो. तिला मिकोशी म्हणतात. आपल्याकडेही गर्दींतील पुष्कळांस पादुका दिसत नाहींत. कळस दिसला कीं हात जोडले जातात.

मागें एका मुलानें पालखीच्या चित्रांत वडिलांच्या टोपीची मागची बाजू व तिच्यावर कळसाचें टोंक, एवढेंच काढलें होतें. आम्हीं त्यावर 'अपूर्ण' असा शेरा मारला. हिरोशिगेचें चित्र आम्हीं त्यानंतर पाहिलें. तो शेरा आतां खोडला आहे.