मिरीचा खड्डा

मिरी गेली तेव्हा डिसेंबर होता. तेरा वर्षं ती आमच्याकडे होती. काळी कुळकुळीत, गावठी कुत्री, आणि कुणाच्याही बापाला न जुमानणारी. साताऱ्यातल्या आमच्या परसात एक जुना रायवळ आंबा आहे. त्याच्या सावलीत तिने स्वतःच्या पंजांनी एक खड्डा उकरला होता. उन्हाळ्यात सकाळी दहाला त्यात जाऊन बसायची, ती उठायची चहाच्या वेळेला. मी तो खड्डा किती वेळा बुजवला याची गणती नाही. बुजवला की दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उकरलेला असायचा.

ती गेल्यावर तिला तिथेच पुरायचं आणि वर सावलीतली एक छोटीशी, जरा गमतीची बाग करायची, असं मी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. त्या बागेने मला दोन वर्षं जे शिकवलं ते इथे सांगते आहे. माझ्यासारखं रडत रडत कुदळ हातात घेणारं आणखी कुणी असेल, त्याच्या उपयोगी पडावं म्हणून.

पहिली चूक पहिल्या तासातच झाली. आंब्याखाली खणायला घेतलं आणि हातभर खोलीवर मुळ्या लागल्या. आंब्याचं सोटमूळ खोल जातं हे खरं, पण त्याला जेवू घालणाऱ्या बारीक मुळ्या वरच्या फूट-दोन फूट मातीतच पसरलेल्या असतात, आणि त्या फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. मी अंगठ्याएवढ्या दोन-तीन मुळ्या तोडल्या, तरी खड्डा दोन फुटांच्या पुढे गेला नाही. प्राणी पुरायचा तर त्याच्या अंगावर किमान तीन फूट माती हवी. नाहीतर भटकी कुत्री, मुंगूस, कुणीतरी उकरतंच. आमच्या डॉक्टरांनी मिरीला शेवटचं इंजेक्शन दिलं होतं. ते औषध शरीरात बराच काळ राहतं आणि उकरून खाणाऱ्या जनावराच्या जिवावर बेतू शकतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

खड्डा उथळ, म्हणून धास्ती. आणि धास्तीपोटी मीठ. समाधी देताना मीठ घालण्याची रीत काही समाजांत आहे. त्यावरूनच असेल, कुत्र्या-मांजरांना पुरतानाही आपल्याकडे लोक मीठ घालतात. मी एक-दोन मुठींवर भागवलं नाही. वाण्याकडून दहा किलो खडे मीठ आणून सगळं ओतलं. वर माती ओढली, पाणी शिंपडलं.

फेब्रुवारीत तिथे लावलेल्या रोपांच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. कुणीतरी इस्त्री टेकवल्यासारख्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून मी रोज जास्त पाणी घालू लागले. मातीवर पांढुरका थर आला. त्याला मी बुरशी समजले आणि बुरशीनाशक मारलं. शेवटी वाळव्याचे भाऊजी आले होते, त्यांनी ती माती चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, चार बाय चारची चोपण जमीन केलीत की तुम्ही घरात!"

कृष्णाकाठच्या ऊसवाल्यांना चोपण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. काळ्या मातीत सोडियम वाढला की मातीचे कण एकमेकांना सोडून देतात. ओली असताना ती साबणासारखी होते, वाळली की फरशी. पाणी खाली जात नाही, मुळांना हवा मिळत नाही. उपायही भाऊजींनीच सांगितला. शेतात करतात तोच. जिप्सम पसरून मातीत मिसळायचं आणि मग पाणी देऊन मीठ खाली धुऊन काढायचं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. पण त्यासाठी खालून निचरा हवा. नुसतं पाणी ओतत राहिलं तर चिखल होतो, दुसरं काही नाही. माझ्या त्या चौकोनाला माती पूर्ववत व्हायला एक अख्खा पावसाळा आणि वर थोडे महिने लागले.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी सांगते की पुरायची जागा आणि बाग करायची जागा एकच असायला हवी, असा काही नियम नाही. झाडाच्या घेराबाहेर, विहीर-बोअरपासून लांब, पुरेसा खोल खड्डा घ्या. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. मीठ नकोच. आणि बाग तिथे करा जिथे ती बसायची. आठवण हाडांपेक्षा बसण्याच्या जागेला जास्त चिकटते, असं माझं मत आहे.

पहिल्या पावसात मिरीला पुरलं होतं तिथली जमीन खचली. ती खचणारच होती. मग मी ट्रॉलीभर लाल माती आणून बुंध्यापर्यंत फूटभर चढवली आणि उताराची सुंदर टेकडी केली. गवंड्याने तर सिमेंटचा पार बांधून देतो म्हटलं. पाराला मी नाही म्हटलं, एवढीच त्या वर्षातली शहाणपणाची गोष्ट. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट बुंध्यापासून एक मीटरपर्यंत काढून टाका, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 सालीच दिला होता आणि तो मी पेपरात वाचलेला होता. पण बुंध्यावर चढवलेली मातीही झाडाला घातकच, हे लक्षात आलं नाही. ओली माती लागून साल कुजते. दिवाळीच्या सुमारास बुंध्यातून डिंक गळायला लागला तेव्हा हाताने सगळी माती ओढून काढली. झाड वाचलं. बुंध्याची मान उघडी ठेवायची, इतकं साधं ते आहे.

आता उजेडाचं. सावलीची बाग म्हणजे किती सावली, हे मी डिसेंबरात पाहिलं आणि फसले. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, ऊन तिरपं होऊन फांद्यांच्या खालून आत शिरतं. ते पाहून मी मोगरा आणि गुलाबही लावले. मे महिन्यात सूर्य साताऱ्याच्या थेट डोक्यावर येतो आणि आंब्याची सावली जाजमासारखी खाली पडते. मोगऱ्याला त्या वर्षी एक कळी आली नाही. तेव्हा घाई करू नका. निदान हिवाळा आणि उन्हाळा, असे दोन ऋतू नुसतं बघा. सकाळी, दुपारी, चारला, ऊन कुठे पडतं तिथे खडूने खूण करा. वेळ जातो, पण तसाही त्या दिवसांत दुसरं काही सुचत नसतं.

आंब्याखालच्या बागेची आणखी एक खोड नर्सरीवाले सांगत नाहीत. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे येतात, त्यांचा चिकटा खाली टपटपतो आणि खालच्या पानांवर काळी काजळी धरते. मोठ्या, गुळगुळीत पानांची झाडं असतील तर फडक्याने पुसता तरी येतात. बारीक पानांच्या नेच्यांचं मात्र वाटोळं होतं; ते घेराच्या कडेला लावावेत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

दुसऱ्या जुलैत जिरू आला. म्हणजे आम्ही आणला नाही. भर पावसात फाटकाखालून आत आला आणि राहिला. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू. त्याआधी पंधराच दिवस हुमणी लागू नये म्हणून मी बागेत एरंडीची पेंड आणि हाडांचा चुरा मिसळून घातला होता. दोन्ही सेंद्रिय, दोन्ही सगळेच घालतात. हाडाच्या चुऱ्याचा वास कुत्र्याला काय वाटतो ते सांगायला नको. जिरूने रात्रभर उकरलं. सकाळी त्याच्या नाकाला माती होती आणि मी त्याचा फोटो काढला. हसले. मिरीचा वारस आला म्हणून सगळ्यांना पाठवला.

दुपारपासून उलट्या. रात्री जुलाब, त्यात रक्त. शेजारच्या काकूंनी मिठाचं पाणी पाजून ओकवायला सांगितलं. ते मी केलं नाही, ते केवळ घरात मिठाचं नाव काढायची सोय उरली नव्हती म्हणून. नंतर कळलं, ते फार बरं झालं; एवढ्याशा जिवाला मिठाचं पाणी हेच विष ठरू शकतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, की बागेत काय खत घातलंय?

एरंडीच्या बीत रिसिन नावाचं जहाल विष असतं. तेल काढल्यावर ते तेलात उतरत नाही, पेंडेत राहतं. कारखान्यात भरपूर उष्णता मिळाली तर ते बरंचसं निकामी होतं, पण आपल्या हातातल्या पोत्यातली पेंड किती तापली होती हे आपल्याला कसं कळणार? आणि या विषाला उतारा नाही. सलाइन लावायचं, उलटी-जुलाब सांभाळायचे आणि वाट बघायची. जिरूला चार दिवस सलाइन लागलं. पाचव्या दिवशी त्याने भाताची पेज चाटली. सगळ्यांचं नशीब असं नसतं.

मी एका कुत्रीच्या आठवणीसाठी जे केलं होतं, ते दुसऱ्या कुत्र्याने खाल्लं होतं. बाग लावताना माझ्या मनात फक्त गेलेली मिरी होती. पुढे या परसात कुणी चार पायांचं येईल, हे मी जणू नाकारूनच टाकलं होतं. पण कुत्रं वाढवलेल्या घरात कुत्रं येतंच. तुमचं नाही तर शेजारचं, रस्त्यावरचं.

त्या आठवड्यात मी बाग पुन्हा पाहिली आणि घाबरले. डिफेनबेकिया, कॅलेडियम, सिंगोनियम, म्हणजे नर्सरीत 'सावलीत छान येतं' म्हणून जे हातात देतात ते बरंचसं अळूच्या कुळातलं. अळू चिरताना ज्यांच्यामुळे हात खाजतात, तेच सुईसारखे स्फटिक यांच्यात असतात. पिल्लाने पान चावलं की तोंड सुजतं, लाळ गळते. कोपऱ्यात शोभेला सायकस होता. तो तर सर्वांत वाईट, त्याच्या बिया कुत्र्याचं यकृत निकामी करतात. सगळं उपटलं. पेंड घातलेली वरची माती भरून काढून टाकली. पेंडच हवी तर आता निंबोळी पेंड घालते, तीही मातीत नीट मिसळून आणि उरलेलं पोतं माळ्यावर. पावसाळ्यात गोगलगायी आल्या तेव्हा एकाने निळ्या गोळ्या आणून दिल्या. त्यातलं मेटाल्डिहाइड कुत्र्याला झटके आणतं आणि गोळ्यांना कोंड्याचा वास असतो, म्हणजे आमंत्रणच. रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचते. कंटाळा येतो, पण होतं.

आज तिथे काय आहे? कॅलाथिया आणि मरांटा, स्पायडर प्लांट, कडेला नेचे, जिथे सकाळचं ऊन येतं तिथे अबोली. आणि भुईचाफा. तो उन्हाळ्यात पानांच्या आधी थेट जमिनीतून फुलतो, पावसाळ्यात पानं काढतो आणि हिवाळ्यात नाहीसा होतो. मेला समजून मी एकदा त्याचे कंद फेकायला निघाले होते. तसं करू नका, जागेवर काडी रोवून ठेवा.

गमतीच्या वस्तूंचं थोडक्यात सांगते, कारण त्या सोप्या होत्या. मिरीच्या स्टीलच्या थाळीत पाखरांना पाणी असतं. ते दर दोन दिवसांनी ओतून कडा काथ्याने घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटून कोरडीसुद्धा टिकतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. बुंध्याला टेकवलेलं एक वीतभर निळं दार आहे. ते खिळ्याने ठोकलेलं नाही, नुसतं टेकवलेलं. तिच्या पट्ट्याचं घुंगरू फांदीला काथ्याच्या दोरीने बांधलंय आणि दरवर्षी सैल करते. तार बांधाल तर फांदी जाड होताना ती सालीत रुतते. बेंदराला मातीचे बैल करणाऱ्या कुंभारकाकांना म्हटलं, एक कुत्रं करून द्या. त्यांनी आयुष्यभर बैलच केलेले. कुत्रं झालं, पण त्याला वशिंड आहे. घरात सगळ्यांना तेच सर्वांत आवडतं.

मध्ये एकदा संगम माहुलीला गेले होते. तिथे थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. अडीचशे वर्षं उलटून गेली, दगड आहे तसाच आहे. दगडाला खत लागत नाही, हे पहिल्यांदाच जाणवलं. बाग करायचं मनात नसेल तर एक दगड ठेवा, त्यात काही कमीपणा नाही.

जिरूने या उन्हाळ्यात आंब्याखाली खड्डा उकरला, मिरीच्या खड्ड्यापासून हातभर अंतरावर. तो मी बुजवत नाही. त्याच्याभोवती काही लावलेलंही नाही.

तुमच्याकडे एरंडीच्या पेंडेचं पोतं जिन्याखाली किंवा गच्चीवर उघडं असेल, तर ते आज झाकणाच्या डब्यात बंद करून वर ठेवा. डब्यावर नाव लिहा. आणि कधी जनावरांच्या डॉक्टरांकडे धावायची वेळ आलीच, तर खताच्या पोत्यावरची चिठ्ठी सोबत न्या.