विरळ ढगांचे मोजमाप आणि नव्या उपकरणाची पारख



ज्या ढगाआडून सूर्यबिंब अंधुक दिसते, तो विरळ ढग मोजणे फार कठीण असते. एक चौरस मीटर जागेवरील अशा ढगातील सर्व पाणी गोळा केले, तरी ते १०० ग्रॅम भरत नाही. म्हणजे त्याचा थर ०.१ मिलिमीटरहूनही पातळ होईल. हे पाणी मायक्रोवेव्ह रेडिओमीटर या उपकरणाने मोजतात. पण त्यात २० ते ३० ग्रॅमची चूक संभवते. ढगात पाणीच ५० ग्रॅम असेल, तर त्या मापावर विसंबावे कसे? आणि अशा ढगातील पाणी किंचित वाढले, तरी जमिनीवर पोहोचणारे ऊन बरेच घटते.

ही अडचण ओळखून अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवे उपकरण तयार केले व २०११ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्यात प्रकाशमापकावरून एक काळी पट्टी फिरते व क्षणभर सूर्य झाकते. ढगातील जलकणांमुळे सूर्याभोवती उजळ वलय पडते. थेंब लहान असतील तर ते पसरट असते, मोठे असतील तर सूर्यालगत आवळलेले असते. पट्टी सरकताना प्रकाश कसा घटतो व वाढतो, यावरून ढगाची दाटी आणि थेंबांचा आकार या दोहोंचे अनुमान करता येते.

परंतु उपकरण तयार झाले म्हणजे ते विश्वसनीय ठरले, असे नव्हे. ते उघड्या आकाशाखाली, जुन्या उपकरणांच्या शेजारी ठेवून एकाच वेळी वाचावे लागते. ओक्लाहोमा राज्यातील लॅमाँट गावाजवळ १९९२ पासून अशी निरीक्षणे चालणारे एक मोठे केंद्र आहे.

हे तत्त्व वर्गात सहज शिकविता येईल. दोन तापमापक एकाच सावलीत टांगावेत व आठवडाभर ठरावीक वेळी दोन विद्यार्थ्यांकडून स्वतंत्रपणे वाचून घ्यावेत. फरक रोज सारखाच आला, तर तो वजा करता येतो. अनियमित आला, तर निदान एका तापमापकात किंवा वाचनात दोष आहे असे समजावे. मात्र नोंदी जुळाव्यात म्हणून आकडा बदलू देऊ नये. न जुळणारी नोंदच विचाराला चालना देते.

ढग विरळ असला तरी सूर्याकडे कोणीही थेट पाहू नये, ही सूचना पाठाच्या आरंभीच द्यावी.