नकाशावरील गाव आणि शहर

पालघर तालुक्याचा नकाशा काढावयाचा झाल्यास कोणत्या वस्तीस शहर म्हणावे, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो.

जनगणनेत शहरे दोन प्रकारची मानली जातात. नगरपालिका, महानगरपालिका वा कटक मंडळ असलेले स्थान हे वैधानिक शहर होय. ज्या गावाची लोकसंख्या किमान ५,००० व घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आहे आणि जेथील मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात आहेत, ते जनगणना शहर ठरते.

पालघर येथे नगरपरिषद आहे. तारापूर औद्योगिक क्षेत्रामुळे वाढलेले बोईसर २०११ च्या जनगणनेत जनगणना शहर म्हणून नोंदले गेले. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहिला. जनगणनेतील नोंदीमुळे नगरपालिकेचे अधिकार मिळत नाहीत; त्यासाठी शासनाची अधिसूचना आवश्यक असते. तोवर शहरी वस्तीच्या पाण्याचा, गटारांचा व कचऱ्याचा भार ग्रामपंचायतच वाहते. दोन्ही ठिकाणी एकच चिन्ह दिल्यास हा भेद झाकला जातो.

केवळ लोकसंख्या पाहिल्यास सफाळे हा लहानसा ठिपका ठरेल. परंतु एडवणसारख्या किनाऱ्यावरील गावांना रेल्वेस्थानक व बाजारपेठ सफाळ्यासच गाठावी लागते. आसपासच्या गावांच्या दृष्टीने त्याचे स्थान मोठे आहे.

म्हणून वर्तुळाच्या आकाराने लोकसंख्या, रंगाने स्थानिक संस्थेचा प्रकार व स्वतंत्र चिन्हाने सेवाकेंद्र दर्शवावे. आकडेवारीचे वर्षही सूचीत अवश्य नोंदवावे.