भाजलेल्या शरीराचे मोजमाप : नवाचा नियम

भाजलेला रुग्ण रुग्णालयात आला की, डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न असतो तो शरीराचा किती भाग भाजला आहे हा. भाजलेल्या भागात रक्तातील द्रव झिरपून जातो आणि भाजलेले क्षेत्र मोठे असल्यास रक्ताभिसरण मंदावते. शिरेवाटे किती द्रव द्यावयाचा, हे या मोजमापावरच ठरते.

एडिंबरो येथील शल्यविशारद अलेक्झांडर वॉलेस यांनी 1951 साली यासाठी सोपी रीत प्रसिद्ध केली. तीच 'नवाचा नियम' म्हणून रूढ झाली. प्रौढ माणसाचे डोके व मान मिळून 9 टक्के, प्रत्येक हात 9, छाती व पोट मिळून पुढची बाजू 18, संपूर्ण पाठ कमरेखालील भागासह 18, प्रत्येक पाय 18 आणि जननेंद्रियांचा भाग 1, अशी ही 100 टक्क्यांची विभागणी आहे. विखुरलेल्या जखमांसाठी रुग्णाचाच तळवा बोटांसह मोजावा. तो सुमारे 1 टक्का भरतो. त्वचा केवळ लाल झाली असेल, फोड आले नसतील, तर तो भाग हिशेबात धरू नये. लहान मुलांचे डोके प्रमाणाने मोठे व पाय लहान असल्याने त्यांना हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही.

एक उदाहरण

चुलीजवळ पदर पेटून 50 किलो वजनाच्या स्त्रीची छाती-पोट, उजवा हात व मांडीवर तीन तळव्यांएवढा भाग भाजला. 18, 9 आणि 3 मिळून 30 टक्के झाले. पार्कलंड सूत्राप्रमाणे वजन, टक्के आणि 4 मिलिलिटर यांचा गुणाकार केल्यास पहिल्या 24 तासांसाठी 6 लिटर द्रव येतो. त्यापैकी निम्मा पहिल्या 8 तासांत द्यावयाचा असतो. हे तास रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे, तर भाजल्याच्या क्षणापासून मोजतात. तीन तास वाटेत गेले, तर तेच 3 लिटर उरलेल्या 5 तासांत द्यावे लागतात. हा आकडा सुरुवातीपुरता असतो. पुढे लघवीचे प्रमाण पाहून डॉक्टर त्यात फेरबदल करतात.

गावाने काय करावे?

भाजलेल्या भागावर 20 मिनिटे थंड वाहते पाणी सोडावे. बर्फ, शाई, टूथपेस्ट लावू नये. अंगठ्या व बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. त्यानंतर स्वच्छ कापडाने जखम झाकून, बाकीचे अंग उबदार ठेवून, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. भाजल्याची वेळ कागदावर लिहून रुग्णाबरोबर पाठवावी. शिक्षक व पंचायत सदस्यांनी एवढी एक सवय गावाला लावली, तरी डॉक्टरांचा हिशेब अचूक होईल आणि रुग्णाचा जीव वाचण्यास मदत होईल.