फवारणी ड्रोनची बॅटरी व मोटार : दोष कसा शोधावा

नांदेड व लातूर जिल्ह्यांत सोयाबीनचे पीक दाटले म्हणजे त्यात पाठीवरचा पंप घेऊन फिरणे कष्टाचे होते. पावसाची उघडीप दोन दिवसांची असते. रानात चिखल असतो. खोडमाशी, चक्रभुंगा व पाने खाणाऱ्या अळ्या मात्र थांबत नाहीत. अशा वेळी ड्रोनने फवारणी करणे सोयीचे ठरते. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केल्यापासून महिला बचत गटांच्या हातीही हे यंत्र येऊ लागले.

परंतु उघडिपीच्या दिवशी ड्रोन उडेनासा झाला तर फवारणीची वेळ टळते आणि गटाची मजुरीही बुडते. भरल्या टाकीसह तो खाली आला तर यंत्राची व पिकाची हानी होते, शिवाय माणसाच्या जिवास धोका असतो. बहुतेक दोष आधी खुणा दाखवितात. त्या ओळखण्याची रीत प्रत्येक चालकाने व गावपातळीवरील कार्यकर्त्याने शिकून घ्यावी.

यंत्राची तीन अंगे

विजेवर उडणारे मुलांचे नमुना-विमान असो वा दहा लिटर टाकीचा ड्रोन असो, शक्तीचा मार्ग एकच असतो. बॅटरी वीज पुरविते, गति-नियंत्रक ती मापून देतो आणि मोटार पाते फिरविते. ड्रोनमध्ये प्रत्येक मोटारीस स्वतंत्र नियंत्रक असतो; बॅटरी मात्र सर्वांस सामाईक असते. म्हणून सर्व मोटारी एकदम मंदावल्या तर प्रथम बॅटरीकडे पाहावे. एकच मोटार बिघडली तर त्या बाजूची मोटार, पाते व नियंत्रक तपासावेत.

बॅटरीचे दोष

लिथियम बॅटरीचा प्रत्येक सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट दाखवितो. ३ व्होल्टच्या खाली गेल्यास त्याचे कायमचे नुकसान होते. बारा सेलची बॅटरी पूर्ण चार्ज असता ५०.४ व्होल्ट दाखविते.

केवळ एकूण व्होल्ट पाहून समाधान मानू नये. समजा, अकरा सेल प्रत्येकी ३.८५ व्होल्टवर आहेत आणि एक ३.४० वर आहे. बेरीज ४५.७५ येते, म्हणजे सरासरी ३.८१, बॅटरी ठीक वाटते. प्रत्यक्षात तो एक सेल भार पडताच कोसळतो. यास्तव चार्जरवर प्रत्येक सेलचा आकडा वेगळा वाचावा. पूर्ण चार्जनंतरही सेलांत ०.१ व्होल्टहून अधिक फरक वारंवार राहत असेल तर ती बॅटरी फवारणीस वापरू नये.

दुसरी गोष्ट अशी की, जुन्या बॅटरीचा दोष रिकाम्या टाकीने उडविताना लपतो. टाकी भरली की मोटारी अधिक प्रवाह ओढतात आणि व्होल्ट झपाट्याने उतरतात. उड्डाण घेताच इशारा वाजला व जमिनीवर उतरताच आकडा पुन्हा वर आला, तर बॅटरीचा अंतर्गत रोध वाढला असे समजावे. त्याच ड्रोनला दुसरी चांगली बॅटरी लावून पाहावी. दोष नाहीसा झाला तर पहिली बॅटरी सदोष. कायम राहिला तर प्लग व तारा तपासाव्यात. काळवंडलेला किंवा सैल प्लग तापतो व वीज अडवितो.

फुगलेली बॅटरी तात्काळ बाजूला काढावी. ती दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये.

मोटारीचे दोष

तपासणीपूर्वी बॅटरी काढावी. नंतर प्रत्येक मोटार हाताने फिरवावी. खरखर लागली तर बेअरिंगमध्ये धूळ किंवा औषधाचे वाळलेले कण शिरले आहेत. पात्यास चीर वा वाकलेपणा असेल तर ते बदलावे.

उतरल्यानंतर मोटारींची उष्णता हात जवळ नेऊन पाहावी.

१. एकच मोटार तापली : तिचे बेअरिंग, पाते किंवा नियंत्रक सदोष आहे.

२. एका बाजूच्या सर्व मोटारी तापल्या : टाकी किंवा बॅटरी मध्यावर बसलेली नाही, वजन एकीकडे झुकले आहे.

३. सर्वच मोटारी तापल्या : भार अधिक आहे किंवा बॅटरी दुबळी आहे.

मोटार झटके देते पण फिरत नाही, तेव्हा तिच्या तीन तारांपैकी एक सुटली असण्याचा संभव असतो. ही जोडणी पाहण्यास पाती काढूनच वीज द्यावी. मुदतीतील यंत्र स्वतः उघडू नये. अधिकृत दुरुस्ती केंद्रास कळवावे.

चार्जिंग व साठवण

रानातून आणलेली बॅटरी तापलेली असते. सावलीत ठेवून ती पूर्ण निवल्यावरच चार्जरला लावावी. घाईपोटी गरम बॅटरी चार्ज केल्याने तिचे आयुष्य घटते व आगीचा धोका वाढतो. चार्जिंग चालू असता जवळ माणूस असावा, वाळूची बादली ठेवावी; गंजीजवळ, कडब्याजवळ किंवा झोपण्याच्या खोलीत चार्जिंग करू नये.

हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणून थंड, कोरड्या जागी ठेवावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेली भरलेली बॅटरी पुढच्या खरिपात दगा देते. निकामी बॅटरी उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

नोंदवही ठेवा

प्रत्येक बॅटरीस क्रमांक द्यावा. तारीख, उड्डाणाची मिनिटे, उतरतानाचे व्होल्ट व तापलेली मोटार एवढ्या चार गोष्टी वहीत लिहाव्यात. सारख्याच भाराखाली आज दहा मिनिटे चालणारी बॅटरी पुढे सात मिनिटांवर आली, तर वही ते वेळेवर सांगेल. अधिक मार्गदर्शनासाठी लातूर, पोखर्णी किंवा सगरोळी येथील कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा आणि जाताना ही वही सोबत न्यावी.