रक्ततपासणीचा कागद कसा वाचावा?



माती परीक्षणाचा कागद आम्ही तुम्हाला नेहमी समजावून देतो. हल्ली सुलतानपूर भागात फडावर गेलो की सभासद रक्ततपासणीचाही कागद पुढे करतात, "साहेब, बघा बरं काय लिवलंय." आम्ही डॉक्टर नव्हे. पण कागद वाचावा कसा, एवढे सांगता येईल.

आधी साखर. उपाशीपोटी १०० च्या आत असावी. १२६ किंवा जास्त पुन्हा तपासूनही आली, तर मधुमेह धरतात. परंतु हा आकडा त्या एका सकाळचा. एका उसाचा ब्रिक्स पाहिल्यासारखा. दोन दिवस गोड सोडून दवाखान्यात जाणारे महाभागही आहेत! एचबीए१सी म्हणजे मात्र हंगामाचा सरासरी उतारा. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, तेवढ्या काळातली साखर त्यांना चिकटून राहते. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह. अंगात रक्त कमी असल्यास हाही आकडा फसवतो, म्हणून हिमोग्लोबिन सोबत पाहावे. गडीमाणसाला १३ आणि बाईमाणसाला १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी.

खरी गफलत होते ती क्रिएटिनिनमध्ये. स्नायूंतून निघणारी ही घाण किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. समजा, आकडा १.२ आला. पुष्कळ कागदांवर तो मर्यादेतच दिसतो. तीस वर्षांच्या गड्याचा यावरून किडनीच्या कामाचा हिशेब, ज्याला ई-जीएफआर म्हणतात, सुमारे ८३ निघतो. पासष्ट वर्षांच्या म्हातारीचा मात्र सुमारे ५०! तिच्या अंगावर मांस कमी, म्हणून आकडा लहान दिसतो इतकेच. ई-जीएफआर तीन महिने ६० च्या खाली राहिला तर तो किडनीचा जुना आजार होय.

आपल्याच जिल्ह्यात पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, किडनीचे रुग्ण कित्येक वर्षांपासून आढळत आहेत. आपण त्या पट्ट्याबाहेर आहोत, हे खरे. पण उन्हातान्हात पाणी न पिता राबायचे आणि रात्री अंगदुखीची गोळी घ्यायची, ही सवय इकडेही किडनीला मारक आहे. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी तर ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

कागदावर ई-जीएफआर नसेल तर डॉक्टरांकडून काढून घ्यावा, लघवीतील प्रथिनेही तपासावीत. जुने कागद चुलीत घालू नयेत. मागल्या साली ०.८ आणि यंदा १.१ असेल, तर दोन्ही आकडे मर्यादेत असले तरी दोन्ही कागद घेऊन दवाखाना गाठावा.